लँडलाइनचं बिल कमी करायचंय, पण आईंचा फोन तोडायचा नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मुलुंडच्या एका ताईंनी लिहिलंय. घरात त्या, यजमान, नोकरी करणारा मुलगा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. तांब्याच्या वायरवरचा जुना लँडलाइन फोन अजून चालू आहे आणि तो दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने दुसऱ्या कंपनीचं फायबर इंटरनेट घेतलं, त्याचे महिन्याला करासकट ८२५ रुपये जातात. बाकी तिघांचे मोबाइल वेगळे. सासूबाई मोबाइल वापरत नाहीत. त्या लँडलाइनवरून सांगलीच्या धाकट्या बहिणीशी, डोंबिवलीच्या भाचीशी आणि भजनी मंडळातल्या मैत्रिणींशी बोलतात. गेल्या महिन्याचं लँडलाइनचं बिल ४१२ रुपये आलं: भाडं २४०, कॉलचे १०९, वर जीएसटी. मुलाचं म्हणणं, बंद करून टाका. बिलावरून घरात बोलणं झाल्यापासून सासूबाई फोनवर जेमतेम दोन वाक्यं बोलतात आणि ठेवून देतात. लंडनला असलेल्या पुतण्याने सांगितलं की तिकडे लाइन एका कंपनीची ठेवून कॉल दुसऱ्या स्वस्त कंपनीतून करता येतात. ताई विचारतात, "आपल्याकडे असं दोन-तीन कंपन्या जोडून बिल खाली आणता येईल का? कुठला फोन कशासाठी वापरायचा याचा एक तक्ता करून द्याल का?"

प्रिय ताई,

तक्ता मी देणार नाही, कारण तो पाळायचं काम शेवटी आईंच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, गळ्यात पडेल. सांगलीला या फोनवरून, मोबाइलला त्या फोनवरून, रविवारी तिसऱ्यावरून, हे हिशेब ८२ व्या वर्षी कुणाला सांगू नयेत. तुमचे पैसे मात्र वाचू शकतात, आणि त्यातले काही या आठवड्यातच.

आधी पुतण्याच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचं सांगत नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं असं चालत आलंय की घरातली तार एका कंपनीची, पण नंबराआधी दुसऱ्या कंपनीचा चार-पाच आकडी कोड फिरवला की तो कॉल त्या दुसऱ्या कंपनीतून जातो आणि त्याचं बिल तीच लावते. जिथे मिनिटामिनिटाला पैसे पडतात तिथे ही युक्ती कामाची. आपल्याकडे घरगुती ग्राहकाच्या हातात अशी निवड प्रत्यक्षात कधी आलीच नाही. आणि आज आली तरी तुमचा फारसा फायदा होणार नाही.

याचं कारण तुमच्याच बिलात आहे. ४१२ रुपयांतले कॉलचे १०९, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून १२९. उरलेले २८३ रुपये आईंनी महिनाभर रिसिव्हर उचलला नसता तरी गेलेच असते. घरात चर्चा मात्र आईंच्या बोलण्याची झाली. ताई, पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट हीच. बिलाचा मोठा हिस्सा भाड्याचा आहे, आणि अपराधी वाटतंय बोलणाऱ्या माणसाला.

हे तुमच्याच घरात घडतंय असं नाही. आपल्या पिढीच्या हाडांत मुरलेली सवय आहे ती. रात्री अकरा वाजून गेले की एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून पीसीओच्या काचेच्या खोक्याबाहेर आपण रांगेत उभे राहायचो. डोळे त्या लाल आकड्यांवर. लोकल कॉलचा तीन मिनिटांचा पल्स संपत आला की घरातून कुणीतरी ओरडायचं, "ठेव आता!" नंतर दर कोसळले. १ मार्च २००६ पासून एमटीएनएल आणि बीएसएनएलच्या योजनेत देशात कुठेही मिनिटाला एक रुपया झाला. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात उतरवून घ्यायचं जे शुल्क कंपन्या एकमेकींना देत, ते १ मार्च २०१५ पासून लँडलाइनच्या कॉलवर शून्य झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल ते मोबाइललाही. म्हणून तर कंपन्यांना "कितीही बोला" म्हणणं परवडू लागलं. आता बोलणं स्वस्त आहे, महाग आहे ते जोडणी बाळगणं. तुमच्या घरात जोडण्या पाच: एक तांब्याची, एक फायबरची आणि तीन मोबाइलच्या. बोलणारी माणसं चार.

आता या आठवड्यातलं काम. फायबरचं जे यंत्र, म्हणजे राउटर, भिंतीवर लुकलुकतंय, त्याच्या मागे किंवा खाली ‘टेल’ किंवा ‘फोन’ असं लिहिलेला, इंटरनेटच्या वायरीच्या पोर्टपेक्षा थोडा अरुंद पोर्ट आहे का ते बघा. घरगुती फायबरच्या बहुतेक योजनांत देशभरचे कॉल भाड्यातच धरलेले असतात आणि ०२२ चा एक नवा नंबरही मिळालेला असतो. मुलाने इंटरनेटसाठी जोडणी घेतली, त्यामुळे त्या पोर्टकडे कुणाचं लक्षच गेलं नसणार. नंबर कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बिलावर सापडेल. नाही सापडला तर विचारून सुरू करून घ्या. म्हणजे ज्या कॉलसाठी तुम्ही जुन्या लाइनवर १२९ रुपये भरता, त्यांचे पैसे दोन वर्षं फायबरच्या ८२५ मध्ये बहुधा आधीच जात आहेत. वर्षाचे दीड हजाराच्या वर होतात. दोन कंपन्या ‘जोडणं’ म्हणतात ते तुमच्या घरापुरतं एवढंच आहे: बाहेर जाणारे कॉल फायबरवरून, येणारे तूर्तास जुन्या नंबरावर.

मात्र तो फोन हॉलमध्ये टीव्हीच्या मागे राउटरला चिकटवून ठेवू नका. आई रोज जिथे बसतात, त्यांची डायरी जिथे असते, तिथपर्यंत फोनची लांब वायर ओढून घ्या. दहा मीटरची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते. कॉर्डलेसही चालेल, पण म्हाताऱ्या माणसांना हँडसेट परत चार्जिंगला ठेवायची आठवण राहत नाही, असा माझा अनुभव आहे. सेट बटणांचा हवा आणि त्याच्या पोटाशी ‘टी’ व ‘पी’ असा खटका असेल तर तो ‘टी’वर ठेवा. सासऱ्यांच्या काळातला तबकडीचा फोन असेल तर तो बहुतेक राउटरवर डायल करणार नाही.

एक काम अजिबात करू नका, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी सांगते. दोन्ही कंपन्यांच्या तारा भिंतीवरच्या फोनच्या एकाच डबीत जोडू नका. "एकाच फोनवर दोन्ही आणतो" म्हणणारे हौशी इलेक्ट्रिशियन भेटतात. टेलिफोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या तारेत सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. ते राउटरच्या पोर्टमध्ये शिरले तर राउटर जातो, मग फोनही नाही आणि मुलाचं घरून कामही नाही. एकच सेट हवा असेल तर दोन लाइनचा फोन मिळतो, त्यात दोन्ही तारा वेगवेगळ्या लागतात. आईंसाठी मी दोन वेगवेगळ्या रंगांचे साधे फोन शेजारी शेजारी ठेवीन. नवा करायचा, जुना घ्यायचा. दोन दिवसांत सवय होते.

तशीच दुसरी एक ‘जोडणी’ कुणी सुचवली तर दारातूनच परत पाठवा. घरात एक डबा बसवू द्या, तुमच्या इंटरनेटवरून परदेशचे कॉल इथे लोकल म्हणून उतरतील, तुम्हाला महिन्याला पैसे मिळतील. परवान्याशिवाय असे कॉल वळवणं बेकायदा आहे, पोलीस अशा ‘एक्स्चेंज’वर छापे घालतात आणि जोडणी तुमच्या नावावर असते. लंडनच्या पुतण्याशी बोलायला घरच्या वाय-फायवरून व्हॉट्सअॅपचा कॉल पुरेसा आहे.

बाहेर जाणारे कॉल मार्गी लागले की आत येणाऱ्यांकडे बघा. तुमच्या पत्रात नातवाने काढलेली एक तोड वाचली: आजीने मिस्ड कॉल द्यावा, मग समोरच्याने करावा. त्यामागचं गणित बरोबर आहे, रीत मला पटत नाही. आईंना मिस्ड कॉल द्यायला लावणं म्हणजे रोज आठवण करून देणं की तुमचं बोलणं आम्हाला परवडत नाही. त्याऐवजी वेळ ठरवा. सांगलीच्या मावशींच्या घरी कुणाच्या तरी मोबाइलवर अमर्याद कॉलचा पॅक असणारच. रोज दुपारी चार वाजता त्यांच्याकडून फोन आला तर कुणालाच जादा पैसा पडत नाही. आईंनाही वाट बघायला काहीतरी होतं. डोंबिवलीच्या भाचीचा वार ठरवा. ज्याच्याकडे आधीच भरून ठेवलेले कॉल पडून आहेत त्याने करावा, एवढंच.

आता कठीण भाग. उरलेले २८३ रुपये, वर्षाचे जवळपास ३,४००. मुलगा म्हणतो तशी जुनी लाइन बंद करावी का?

घाईने बंद करू नका, कारण ती गेली की नंबर परत मिळेलच असं नाही. मोबाइलचा नंबर कंपनी बदलून सोबत नेता येतो, ती सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. सात आकडी होता तेव्हापासूनचा, मग पुढे २ लागलेला हा नंबर दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर नेता येणार नाही. लोकांना नवा द्यावा लागेल. ज्या पिढीने फोनसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून वाट पाहिली, ‘ओवायटी’ म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत आगाऊ पैसे भरले, तिच्या घरात हा नंबर म्हणजे जवळजवळ पत्ता असतो. सासऱ्यांचं नाव अजून त्या बिलावर छापून येतं, हे तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय. आईंसाठी ते कंसात नसावं.

दुसरं कारण विजेचं. तांब्याच्या लाइनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून तारेवाटे येते. घरातले दिवे गेले तरी साधा, वायरचा फोन चालतो. फायबरच्या यंत्राला घरची वीज लागते. मी हे फार महागात शिकले. माझी आई दादरला चौथ्या मजल्यावर एकटी राहायची आणि आम्ही मोठ्या कौतुकाने तिची जुनी लाइन काढून फायबरवरचा फोन दिला होता. वीज गेल्यावर तो बंद पडेल हे कंपनीच्या माणसाने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रीड बिघडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आईचा फोन लागेना. लिफ्ट बंद, ती एकटी, आणि माझ्या हातात फक्त न लागणारा नंबर. मी परळहून चालत गेले. ती देवघरासमोर वाती वळत बसली होती, तिला काही झालं नव्हतं. पण जिना चढताना माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी विसरलेले नाही.

म्हणून, जुनी लाइन ठेवा वा काढा, राउटरला लहानसा यूपीएस लावाच. तो काही तास राउटर चालू ठेवतो. जोडणी स्थानिक केबलवाल्यामार्फत आली असेल तर जिन्यातल्या त्याच्या पेटीलाही बॅटरी आहे का, हे त्याला विचारा. ती बंद पडली तर तुमचा यूपीएस काही कामाचा नाही. आणि ‘जुनी लाइन विजेशिवाय चालते’ हेही गृहीत धरू नका. मेन स्विच बंद करून रिसिव्हर कानाला लावा, डायलटोन येतो का ऐका. मुंबईत कित्येक इमारतींत नंबर जुनाच राहिला, पण आत तांब्याच्या जागी फायबर आलंय. टोन आला नाही तर विजेचं कारण बाद झालं, मग उरतो फक्त नंबर.

आई दिवसभर घरी एकट्या असतात का? हे पत्रात नाही आणि माझं मत त्यावर अवलंबून आहे. एकट्या असतील आणि टोन येत असेल तर २८३ रुपये मी बिनतक्रार भरीन. त्याला फोनचं बिल न म्हणता सुरक्षिततेचा खर्च म्हणीन आणि मुलालाही तसंच समजावीन. घरात कुणी ना कुणी असेल, किंवा टोन येत नसेल, तर तीन महिने दोन्ही फोन ठेवून मग जुना बंद करायला हरकत नाही. त्या तीन महिन्यांत जुन्या फोनवर कुणाकुणाचे फोन येतात ते एका वहीत टिपा. तीन-चार नावांपलीकडे यादी जाणार नाही असा माझा अंदाज आहे. त्या प्रत्येकाला आईंनीच नवा नंबर सांगावा. कॉल फॉरवर्डिंगचा मोह टाळा, कारण वळवलेला प्रत्येक कॉल तुमच्या जुन्या लाइनवरून केलेला कॉल धरला जाऊन तुम्हालाच पैसे पडू शकतात.

बँक, पेन्शन, गॅस एजन्सी, वीजबिल, सोसायटीचं रजिस्टर, घरचे डॉक्टर, इथे तो नंबर असेल तर बंद करण्याआधी बदला. नंतर दुसऱ्या कुणाला तो मिळू शकतो.

लाइन सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे एक अडचण येईल. बंद करायला किंवा आईंच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज आणि इतर वारसांची ना हरकत मागतील. हे काम आईंना सोबत घेऊन, त्यांच्या सहीने करा. शेवटचं बिल भरलेलं दाखवा, अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, त्या काळी भरलेल्या अनामत रकमेची पावती सापडली तर तीही जोडा. ती रक्कम परत मिळणं हा तुमचा हक्क आहे. लाइन बंद झाल्यावरही बिल येत राहिलं किंवा अनामत अडकली, तर तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. फोनवर नुसतं भांडून डॉकेट नंबर न घेणारे फार जण भेटतात आणि मग त्यांच्या हातात काहीच पुरावा उरत नाही.

ज्या वाचकांकडे फायबर नाही, फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी लँडलाइन आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. दिसायला थेट लँडलाइन, पण आत सिमकार्ड बसतं असे टेबलावरचे फोन मिळतात. मोठी बटणं, तोच जड रिसिव्हर. सेट फोरजी व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल, चालवतो का ते पाहूनच घ्या. त्यात इंटरनेटचा पॅक भरायची गरज नाही. २३ डिसेंबर २०२४ ला दूरसंचार नियामक ट्रायने नियम बदलून मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार डेटासकटचा पॅक पुढे करेल. "फक्त कॉलचा वर्षाचा द्या" असं स्पष्ट सांगा. जुन्या लाइनचं वर्षाचं भाडं आणि हा पॅक यांची शेजारी शेजारी तुलना करा. या फोनमध्ये बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो काही वेळ चालतो. मात्र घरातल्या त्या कोपऱ्यात रेंज असायला हवी. आधी त्याच कंपनीचा मोबाइल त्या स्टुलावर ठेवून बोलून बघा.

तुमच्याकडे नवा फोन लागला की एक कागद लिहून भिंतीवर चिकटवा, जाड मार्करने. वर ११२. खाली सांगली, तिच्या आधी ०२३३. डोंबिवली, तिच्या आधी ०२५१. आणि मोबाइलच्या प्रत्येक नंबराआधी शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लागतं. आईंच्या डायरीतले जुने नंबर शून्याविना लिहिलेले असतील आणि "लागत नाही" म्हणून त्या गप्प बसल्या असतील. मोबाइलवाल्या मैत्रिणींशी त्यांचं बोलणं कमी झालं असेल तर त्याचं एक कारण हेही असू शकतं. डायरी घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि एकेक नंबर दुरुस्त करा. त्या प्रत्येक नावाबरोबर काहीतरी सांगतील, त्याला तासभर जाईल.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. तो कंजूष आहे असं मला अजिबात वाटत नाही. घराचे हप्ते, प्रवास, सगळं सांभाळताना ४१२ चा आकडा डोळ्यांत भरला असेल. फायबरचा तो पोर्ट त्यानेच शोधावा, वायर त्यानेच ओढावी आणि पहिला नंबर त्यानेच लावून रिसिव्हर आजीच्या हातात द्यावा. सांगलीचा लावा. आणि तुम्ही सगळे त्या वेळी दुसऱ्या खोलीत जा, म्हणजे आईंना हवं तितका वेळ बोलता येईल.